संगणक घडण्यापूर्वीचा संगणक

पुण्याजवळ खडकवासला येथे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ साली सुरू झालेल्या या केंद्रात धरणे, सांडवे, बंदरे यांच्या लहान प्रमाणातील प्रतिकृती उभारण्यात येतात, त्यांतून पाणी सोडण्यात येते आणि मोजमापे घेण्यात येतात. प्रतिकृतीत सांडव्याचा बाक चुकलेला आढळला तर तो मोडून पुन्हा करता येतो. नदीपात्रात काँक्रीट ओतून झाल्यावर ती सोय उरत नाही.

संगणकाच्या बाबतीत हीच अडचण अधिक तीव्रतेने जाणवते. संगणकातील सर्व आकडेमोड करणारा प्रोसेसर सिलिकॉनच्या नखाएवढ्या तुकड्यावर घडविलेला असतो आणि त्यावर आज अब्जावधी ट्रान्झिस्टर मावतात. एकदा घडला की त्यात खाडाखोड करता येत नाही. इंटेल कंपनीच्या पेंटियम प्रोसेसरमध्ये भागाकारासाठी वापरण्यात येणाऱ्या कोष्टकातील काही नोंदी राहून गेल्या होत्या, त्यामुळे काही विशिष्ट भागाकारांची उत्तरे किंचित चुकत. १९९४ साली ही गोष्ट उघडकीस आली आणि सदोष प्रोसेसर बदलून देण्यासाठी कंपनीला ४७.५ कोटी डॉलरचा भार सोसावा लागला.

परंतु प्रश्न केवळ चुका टाळण्याचा नाही. प्रोसेसरवरील जागा मर्यादित असते, वीजही मर्यादित असते. त्या जागेत जवळची स्मृती वाढवावी, की गणन करणारे आणखी एक केंद्र बसवावे? स्मृती दुप्पट केल्याने काम दुप्पट वेगाने होईल, की जेमतेम शंभरात तीन भाग सुधारेल? प्रत्येक पर्याय प्रत्यक्ष घडवून पाहणे कोणत्याही संस्थेला परवडणारे नाही. म्हणून संगणकाचे रचनाकार आधी प्रोसेसरची प्रतिकृती तयार करतात. ती लाकडाची वा सिमेंटची नसते. ती असते एक आज्ञावली. तिला सिम्युलेटर म्हणतात, आपण तिला प्रतिरूपक म्हणू. जगभरच्या विद्यापीठांत व उद्योगांत वापरल्या जाणाऱ्या अशा प्रतिरूपकांपैकी ‘जेम-५’ हे एक प्रमुख होय. त्याची संपूर्ण आज्ञावली सर्वांना खुली आहे. ते कसे उभे राहिले आणि, त्याहून कठीण अशी गोष्ट म्हणजे, ते कसे सांभाळले जाते, याची माहिती येथे देण्याचा उद्देश आहे.

यंत्र नसताना यंत्राचे काम

एक संगणक दुसऱ्या संगणकाची नक्कल करू शकतो, ही कल्पना जुनी आहे. तिचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९७५ सालचे. अमेरिकेत त्या वर्षी अल्टेअर ८८०० नावाचा छोटा संगणक विक्रीस आला. पॉल ॲलन आणि बिल गेट्स या दोन तरुणांना त्यासाठी बेसिक ही भाषा तयार करावयाची होती, पण त्यांच्याजवळ अल्टेअर नव्हता. हार्वर्ड विद्यापीठातील पीडीपी-१० या मोठ्या संगणकावर ॲलन यांनी इंटेल ८०८० या प्रोसेसरसारखी वागणारी आज्ञावली लिहिली. बेसिक भाषा त्या नकली प्रोसेसरवर लिहून तपासली गेली. पुढे ॲलन कागदी फीत घेऊन अल्बुकर्क येथे अल्टेअरच्या निर्मात्यांकडे गेले आणि खऱ्या यंत्रावर ती भाषा चालली. तोपर्यंत तिला खऱ्या अल्टेअरचा स्पर्शही झालेला नव्हता.

ॲलन यांच्या आज्ञावलीला एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे होते: अमुक आज्ञा दिली असता यंत्र कोणते उत्तर देईल? रचनाकाराला तेवढे पुरत नाही. उत्तर किती वेळात मिळेल, हेही त्याला हवे असते. दोन आणि दोन चार हे प्रत्येक प्रोसेसर सांगतो, पण त्या बेरजेसाठी लागणारे आकडे कोठून आले, वाटेत कोठे थांबावे लागले, यावर यंत्राचा वेग ठरतो. जेम-५ सारख्या प्रतिरूपकाचे खरे काम येथून सुरू होते.

दप्तर आणि अभिलेख कक्ष

तहसील कार्यालयातील लिपिकाचे उदाहरण घेऊ. ज्या नस्तीवर काम चालू आहे ती टेबलावर असते. रोज लागणाऱ्या नस्त्या पाठीमागच्या कपाटात असतात. बाकी सर्व कागद अभिलेख कक्षात, आणि तेथून नस्ती मागवायची तर शिपाई जाऊन येईपर्यंत काम खोळंबते. संगणकातही असेच असते. प्रोसेसरच्या अगदी लगत थोडी पण अतिशय वेगवान स्मृती असते, तिला तंत्रज्ञ कॅश म्हणतात. तिच्यामागे मोठी व संथ मुख्य स्मृती असते. हवी ती माहिती लगतच्या स्मृतीत सापडली तर काही क्षणांचे काम. नाही सापडली तर प्रोसेसरला शेकडो पटींनी अधिक काळ वाट पाहावी लागते. टेबल किती मोठे असावे, कपाटात किती खण असावेत, जागा भरली की कोणती नस्ती परत पाठवावी, हे सारे निर्णय रचनाकाराचे असतात आणि त्यांचे परिणाम प्रतिरूपकात मोजता येतात.

अनेक लिपिक असले की गुंतागुंत वाढते. एकाच नस्तीच्या प्रती चौघांच्या टेबलांवर आहेत आणि एकाने आपल्या प्रतीत दुरुस्ती केली, तर उरलेल्या तीन प्रती तत्काळ रद्द समजल्या पाहिजेत, अन्यथा चार टेबलांवरून चार उत्तरे जातील. आजच्या प्रोसेसरमध्ये अनेक गणन-केंद्रे एकत्र काम करीत असल्याने हा मेळ राखण्याचे नियम फार काटेकोर असावे लागतात.

अनुभवी लिपिक आणखी एक गोष्ट करतो. साहेबांचा शेरा काय येणार हे ओळखून तो मंजुरीच्या पत्राचा मसुदा आधीच तयार ठेवतो. अंदाज बरोबर ठरला तर वेळ वाचतो, चुकला तर मसुदा फाडून टाकतो. आधुनिक प्रोसेसरही पुढे कोणती वाट घ्यावी लागेल याचा तर्क करून काम आधीच उरकतो आणि तर्क चुकल्यास ते रद्द करतो. ही युक्ती अनेक वर्षे निर्धोक मानली गेली. तथापि जानेवारी २०१८ मध्ये ‘स्पेक्टर’ या नावाने ओळखला जाणारा दोष जाहीर झाला. मसुदा फाडला तरी त्यासाठी मागवलेली नस्ती टेबलावर तशीच राहते, आणि ती कोणती आहे हे पाहून गुपित माहितीचा माग काढता येतो, असे त्याचे थोडक्यात स्वरूप. बाजारातील प्रोसेसर तोवर कोट्यवधींच्या संख्येने वापरात होते. उपाय शोधायचे तर नव्या रचनेचे प्रोसेसर हवेत, आणि ते तर अस्तित्वातच नव्हते. अनेक संशोधकांनी आपले उपाय जेम-५ वरच अजमावून पाहिले.

काळाची नोंदवही

या प्रतिरूपकाच्या आत काळ कसा चालतो, हे पाहण्यासारखे आहे. जेम-५ मध्ये काळाचा सर्वांत लहान टप्पा सर्वसाधारणपणे एका सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाएवढा धरला जातो. मात्र प्रत्येक टप्प्यावर थांबून पाहिले तर काम कधीच संपणार नाही. म्हणून पुढे घडावयाच्या घटनांची एक नोंदवही ठेवली जाते. “या वेळी स्मृतीकडून उत्तर येईल”, “त्या वेळी पुढची आज्ञा उचलायची”, अशा नोंदी त्यात वेळेच्या क्रमाने असतात. प्रतिरूपक सर्वांत आधीची नोंद काढते, घड्याळ थेट त्या वेळेवर नेते, ती घटना पार पाडते, आणि तिच्यामुळे पुढे घडणाऱ्या घटना नोंदवहीत लिहिते. मधला रिकामा काळ सरळ ओलांडला जातो. मृगाच्या आधी बियाण्याची तजवीज आणि पेरणीनंतर खुरपणीची तारीख टिपून ठेवणारा शेतकरी याहून निराळे काही करीत नाही.

एवढे करूनही प्रतिरूपक फार संथ असते. खऱ्या प्रोसेसरला जे काम एका सेकंदात जमते त्याच्या तपशीलवार नकलेला दहा हजार ते एक लाख सेकंद, म्हणजे पावणेतीन तासांपासून एका दिवसाहूनही अधिक काळ लागू शकतो. समजा, एखाद्या चाचणीत एक लाख कोटी आज्ञा आहेत आणि प्रतिरूपक सेकंदाला दोन लाख आज्ञा पार पाडते. मग ती एक चाचणी पुरी होण्यास सुमारे ५८ दिवस लागतील. येथे शितावरून भाताची परीक्षा करण्याची रीत उपयोगी पडते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी २००२ साली मांडलेल्या सिमपॉइंट या पद्धतीत संपूर्ण कामातील नमुनेदार तुकडे निवडले जातात, तेवढ्यांचीच बारकाईने नक्कल केली जाते आणि त्यावरून संपूर्ण कामाचा अंदाज बांधला जातो. मात्र शिते कोठली निवडली यावर परीक्षेचा निकाल अवलंबून राहतो.

दोन विद्यापीठे, एक आज्ञावली

१९९० च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठात तयार झालेल्या सिम्पलस्केलर या प्रतिरूपकाने एका पिढीचे संशोधक घडविले. त्यानंतर दोन स्वतंत्र प्रयत्न झाले. मिशिगन विद्यापीठात एम-५ तयार झाले. जाळ्याने जोडलेल्या संगणकांचा अभ्यास हा त्याचा हेतू, आणि त्यात प्रोसेसर व बाह्य उपकरणे यांची नक्कल चांगली होती. विस्कॉन्सिनमध्ये जेम्स तयार झाले. अनेक केंद्रांच्या स्मृतींत मेळ राखण्याचे नियम तपासणे ही त्याची खासियत. परंतु प्रोसेसरच्या नकलेसाठी जेम्स हे सिमिक्स या व्यापारी आज्ञावलीवर अवलंबून होते आणि तिचे अंतरंग संशोधकांना उघडून पाहता येत नव्हते.

एकाजवळ प्रोसेसर होता, दुसऱ्याजवळ स्मृती. दोन्ही एकत्र आणून २०११ साली जेम-५ प्रसिद्ध झाले. नावातही दोघांचा वाटा आहे. त्या वेळच्या निबंधावर १६ जणांची नावे आहेत. त्यांपैकी अर्कप्रभ बसू पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले. आज्ञावली बीएसडी या उदार परवान्याखाली देण्यात आली. कोणीही ती घ्यावी, बदलावी, व्यापारी कामासाठी वापरावी, मूळ लेखकांचा निर्देश तेवढा ठेवावा, असे त्याचे स्वरूप आहे. आर्म, एएमडी यांसारख्या प्रोसेसर रचणाऱ्या कंपन्यांनी आपल्या अभियंत्यांकरवी तीत भर घातली, याचे एक कारण हा परवाना होय. आपण केलेला बदल उद्या प्रतिस्पर्ध्याच्या उपयोगी पडेल हे ठाऊक असूनही त्यांनी हे केले, कारण एकट्याने सगळे सांभाळण्यापेक्षा ते स्वस्त होते.

२०२० मध्ये नऊ वर्षांचा आढावा घेण्यात आला. त्या काळात २५० हून अधिक व्यक्तींनी ७,५०० हून अधिक बदल केले होते.

दुरुस्तीचे अंदाजपत्रक

नळपाणी योजनेचे उद्घाटन होते तेव्हा गावात मांडव पडतो. झडपा बदलण्याच्या दिवशी कोणी फिरकत नाही. ग्रामपंचायतीच्या सदस्यांना हे सांगावयास नको. मुक्तस्रोत आज्ञावलीची स्थिती अगदी अशीच असते.

आज्ञावली गंजत नाही, मग तिला दुरुस्ती कसली, असा प्रश्न स्वाभाविक आहे. गंजते ती तिच्या भोवतीची जमीन. जेम-५ चा गाभा सी++ भाषेत व मांडणीचा भाग पायथन भाषेत लिहिलेला आहे. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीचा सांभाळ तिच्या चालकांनी १ जानेवारी २०२० पासून बंद केला. तेव्हा जेम-५ चा पायथनमधील भाग तिसऱ्या आवृत्तीत आणावा लागला. हे कष्टाचे काम होते, आणि ते पूर्ण झाल्यावर वापरणाऱ्याला नवे असे काहीच दिसले नाही. सी++ चे नवे अनुवादक येतात, कालपर्यंत बिनतक्रार चाललेली ओळ ते नाकारतात. लिनक्सची नवी आवृत्ती येते आणि प्रतिरूपकात नसलेली एखादी आज्ञा मागते. तेथे नकली संगणक सुरूच होत नाही.

काढून टाकणे हीदेखील देखभालच. एम-५ ज्या अल्फा प्रोसेसरसाठी प्रथम लिहिले गेले त्याचे उत्पादन केव्हाच थांबले होते. तरी त्याचा भाग वर्षानुवर्षे आज्ञावलीत राहिला, आणि प्रत्येक बदलाच्या वेळी त्याचीही तपासणी करावी लागे. अखेर तो काढण्यात आला.

मनुष्यबळाची अडचण त्याहून मोठी आहे. विद्यापीठांत हे काम मुख्यतः पीएचडीचे विद्यार्थी करतात. विद्यार्थ्याला पदवी मिळते ती नव्या कल्पनेसाठी. इतरांच्या चुका दुरुस्त केल्याबद्दल कोणतेही विद्यापीठ पदवी देत नाही. प्रबंध पुरा झाला की विद्यार्थी जातो, आणि त्याने लिहिलेल्या दहा हजार ओळींचा अर्थ जाणणारा कोणी मागे उरत नाही. जेम-५ ने यावर काही व्यवस्था बसविली आहे. धोरण ठरविण्यासाठी एक समिती आहे. आज्ञावलीच्या निरनिराळ्या भागांवर जबाबदार व्यक्तींची नेमणूक आहे. कोणाचाही बदल दुसऱ्या जाणकाराने वाचल्याशिवाय स्वीकारला जात नाही, मग तो बदल कितीही ज्येष्ठ व्यक्तीचा असो. प्रत्येक बदलावर छोट्या चाचण्या आपोआप होतात, मोठ्या चाचण्या रात्री आणि फार लांबणाऱ्या आठवड्यातून एकदा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत यासाठी पगारी माणसे काम करीत आली आहेत आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने देखभालीसाठी अर्थसाहाय्य दिले आहे. देखभालीसाठी स्वतंत्र निधी, ही गोष्ट संशोधनाच्या क्षेत्रात तशी दुर्मीळच म्हणावी लागेल.

आणखी एक सुधारणा साधी पण महत्त्वाची होती. २०२० पूर्वी नियमित आवृत्त्या निघत नसत. जो तो त्या दिवशीची आज्ञावली उचलून घेई. दोन संशोधक “जेम-५ वापरले” असे लिहीत, पण दोघांची जेम-५ निराळी असत. मे २०२० मध्ये २०.० ही आवृत्ती निघाली आणि तेव्हापासून वर्षावरून क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली.

आकडा खरा कशावरून?

या सर्व खटाटोपाचे कारण एकच: प्रतिरूपक चुकले तर ते ओरडून सांगत नाही. ते शांतपणे एक आकडा देते, आणि तो आकडा निबंधात छापला जातो.

२००१ साली अमेरिकेतील काही संशोधकांनी याची कसोटी घेतली. अल्फा २१२६४ प्रोसेसर असलेला खरा संगणक त्यांनी शेजारी ठेवला आणि २१ लहान चाचण्या दोन्हीकडे चालवून प्रतिरूपकातील एकेक चूक शोधून काढली. लहान चाचण्यांतील सरासरी तफावत त्यांनी २ टक्क्यांवर आणली. मोठ्या कामांतील तफावत ४० टक्क्यांवरून २० टक्क्यांच्या आत आली, पण नाहीशी झाली नाही. कसोटीवर उतरलेले प्रतिरूपक वापरले असते तर काही बाबतींत संशोधकांनी निराळाच निष्कर्ष काढला असता, असेही त्यांनी दाखवून दिले. जेम-५ ची अशी एक तुलना २०१४ साली आर्मच्या खऱ्या प्रोसेसरशी झाली. एका प्रसिद्ध चाचणीसंचावर कमी-अधिक चुका एकमेकींत वजा होऊन सरासरी ५ टक्के आली. चिन्ह सोडून केवळ आकार मोजला तर ती १३ टक्के भरली. दोन रचनांतील फरक ४ टक्के असल्याचा दावा वाचताना हा १३ चा आकडा जवळ असलेला बरा.

स्पेक्टरवरील एका उपायाची हकीकत या संदर्भात उद्बोधक आहे. इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये ‘इन्व्हिजिस्पेक’ हा उपाय मांडला आणि त्यामुळे प्रोसेसर किती मंदावेल याचे आकडे जेम-५ वर काढले. आपण प्रतिरूपकात भर घातलेल्या आज्ञावलीत दोष राहिले होते आणि त्यामुळे मंदावण्याचे आकडे वास्तवापेक्षा अधिक आले, असे शुद्धिपत्र त्यांनीच पुढच्या वर्षी प्रसिद्ध केले. उपाय मुळात सांगितल्यापेक्षा चांगला होता. मधल्या काळात इतर संशोधक जुन्या आकड्यांशी आपल्या उपायांची तुलना करीत होते. ही आज्ञावली सर्वांपुढे खुली होती. ती बंद असती तर कोणाला तपासता आले असते?

भारतातील उपयोग

प्रोसेसर कोणत्या आज्ञा समजतो याची यादी पूर्वी बहुधा कंपनीच्या मालकीची असे. बर्कली येथे २०१० मध्ये सुरू झालेल्या रिस्क-५ या मुक्त आज्ञासंचाने ते चित्र पालटले. मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा ‘शक्ती’ व सी-डॅकचा ‘वेगा’ हे प्रोसेसर या संचावर आधारलेले आहेत, आणि एप्रिल २०२२ मध्ये केंद्र शासनाने यासाठी डिजिटल इंडिया रिस्क-५ हा कार्यक्रम जाहीर केला. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘अजित’ हा प्रोसेसर स्पार्क या निराळ्या आज्ञासंचाचा. जेम-५ मध्ये रिस्क-५, आर्म व इंटेल पद्धतीच्या आज्ञासंचांची सोय आहे. प्रयोगशाळेत कोट्यवधींची सामग्री नसलेल्या महाविद्यालयातही प्रोसेसरच्या रचनेचा अभ्यास त्यामुळे करता येतो.

त्यासाठी लिनक्स असलेला बऱ्यापैकी संगणक लागतो. २०२३ पासून आज्ञावली गिटहबवर ठेवलेली असून ती विनामूल्य उतरवून घेता येते. विद्यार्थी पायथनमध्ये काही डझन ओळींत आपला प्रोसेसर वर्णन करतो: घड्याळाचा वेग, लगतची स्मृती १६ किलोबाइट, मुख्य स्मृती अमुक. त्यावर एखादी छोटी आज्ञावली चालविली की शेकडो ओळींचे तपशीलपत्रक तयार होते. किती आज्ञा पार पडल्या, लगतच्या स्मृतीत कितीदा माहिती सापडली नाही, किती काळ गेला, हे सर्व त्यात असते. मग १६ च्या जागी ३२ लिहून पुन्हा चालवायचे आणि दोन पत्रके शेजारी ठेवायची. आकडे विचित्र वाटले तर चालकांना कळविता येते. कळविताना आवृत्तीचा क्रमांक, आपली मांडणी आणि चालविलेली आज्ञावली या तीनही गोष्टी सोबत पाठवाव्या लागतात. त्यांतील एक जरी नसली तरी तीच चूक दुसऱ्या यंत्रावर पुन्हा घडवून पाहता येत नाही, आणि घडवून पाहता न आलेली चूक दुरुस्तही करता येत नाही.